पोथी आधी मोजा, मग पुसा: मुंबईच्या दमट हवेत जुन्या हस्तलिखितांची निगा

इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात आणि पणजोबांच्या पोथ्यांचे गाठोडे खाली येते. त्यानंतरच्या दोन तासांत बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. गाठोडे गॅलरीत झटकले जाते, पोथ्या उन्हात पसरल्या जातात, फाटक्या पानांना चिकटपट्टी लागते, लहान-मोठी पाने आकाराप्रमाणे लावली जातात. शेवटी सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत डांबराच्या चार गोळ्या. छोट्या ग्रंथालयांत आणि मठांतही याहून फारसे वेगळे होत नाही.

हेतू चांगलाच असतो, पण संशोधकाला हवे ते नेमके यातच जाते. पानांचा क्रम, समासातल्या खुणा, मध्येच ठेवलेली चिठ्ठी, कोणत्या पोथ्या एका बासनात (पोथी गुंडाळायच्या कापडात) होत्या ही माहिती एकदा विस्कटली की कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. खाली दिलेला क्रम कागदी पोथ्यांसाठी आहे, कारण महाराष्ट्रातल्या घरांत बहुतेक त्याच सापडतात. ताडपत्र सापडले तर धूळसुद्धा झटकू नका, सरळ तज्ज्ञाकडे न्या.

सुरुवात करण्याआधी टेबलावर काय हवे

पोथीच्या किमान तिप्पट लांबीचे टेबल आणि त्यावर स्वच्छ पांढरी, खळ नसलेली सुती चादर. बकरीच्या केसांचे एक इंची मऊ ब्रश दोन, एक नेहमीच्या धुळीसाठी आणि दुसरा फक्त बुरशीसाठी. एन-95 मास्क, नायट्राइलचे हातमोजे, 2बी पेन्सिल, आम्लमुक्त कागदाच्या पट्ट्या आणि लिफाफे, मोजपट्टी, दोन आर्द्रतामापक. बांधणीसाठी मांजरपाट आणि एक-दीड सेंटीमीटर रुंदीची सुती नाडी.

चिकटपट्टी, फेव्हिकॉल, स्टेपलर, रबरबँड, बॉलपेन, ओले टिश्यू आणि चहाचा कप खोलीबाहेर ठेवा. हाताशी असले की वापरले जाते.

## पायरी 1: हंगाम आणि खोली

जून ते सप्टेंबर पोथी उघडू नका. या महिन्यांत मुंबईची आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर असते आणि साधारण 65 टक्क्यांपुढे बुरशीला कागदावर पाय रोवायला जागा मिळते. ऑक्टोबरही बरा नाही, त्या उकाड्यात हाताला घाम येतो आणि काजळीच्या शाईतला डिंक ओलसर बोटाला चिकटतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे कोरडे दिवस या कामाचे. छत गळले, पोथी भिजली, तरच अपवाद.

खोलीत आर्द्रता 45 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असावी. आकड्याइतकाच त्याचा स्थिरपणा महत्त्वाचा आहे. दिवसा एसी आणि रात्री बंद हा सर्वांत वाईट प्रकार, कारण कागद रोज आक्रसतो आणि रोज फुगतो. कागदाबरोबर शाईचा आणि रंगाचा थर तेवढा हलत नाही, म्हणून तो भेगाळतो.

बाजारातला स्वस्त आर्द्रतामापक सरळ खरा मानू नका. बाटलीच्या झाकणात अर्धा चमचा मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा. मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि मापक एकाच झिपच्या पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. मापक 69 दाखवत असेल तर तो सहा कमी दाखवतो, तेवढी दुरुस्ती त्याच्या पाठीवर चिठ्ठी लावून लिहा.

तपासणी: पंखा बंद, खिडकी बंद, टेबलावर थेट ऊन नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले. साध्या कागदाच्या पोथीला सुती हातमोजे नकोत, त्यांतून पानाची कड कळत नाही आणि ती मुडपते.

## पायरी 2: अलग ठेवणे आणि कीड ओळखणे

नव्याने आलेली पोथी आधीच्या संग्रहात थेट मिसळू नका. पांढऱ्या कागदावर ठेवा, वरून सुती कापड टाका आणि पंधरा दिवस थांबा. रोज खालचा कागद बघा.

पृष्ठभाग खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या, पण भोक नाही, तर ती कसर. जुन्या कागदाला खळ लावून तो घोटलेला असतो आणि कसर त्या खळीसाठीच येते. सरळ आरपार गेलेली गोल भोके आणि खाली पडलेला बारीक भुसा हे भुंगेऱ्याच्या अळीचे काम. मातीचे थर दिसले तर वाळवी, आणि तिथे पोथीपेक्षा आधी भिंत तपासावी लागते. काळे ठिपके आणि वास झुरळांचा.

भोके असणे म्हणजे कीड जिवंत असणे नव्हे. शंभर वर्षांपूर्वीचीही भोके तशीच दिसतात. पंधरा दिवसांत पांढऱ्या कागदावर ताजा भुसा पडला, तरच उपचार.

जिवंत किडीवर घरगुती मर्यादेत चालणारा उपाय म्हणजे गोठवणे. पोथी आम्लमुक्त कागदात गुंडाळा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा, वरून दुसरी पिशवी. उणे 18 अंश किंवा त्याखाली सलग दोन आठवडे. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा बऱ्याचदा एवढा थंड होत नाही, आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. शिवाय आमरसाच्या डब्याशेजारी पोथी ठेवणे ठीक नाही, स्वतंत्र डीप फ्रीझर बरा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड कागदावर मुंबईची हवा दव धरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, अगदी शब्दशः.

सावधान: चित्रे किंवा जाड रंग असलेली, चामड्याची बांधणी असलेली पोथी गोठवू नका.

डांबराच्या गोळ्या घालू नका. त्यांची वाफ कपाटात कोंडते, पोथी वाचणाऱ्याच्या छातीत जाते, आणि अळी मरेलच असे नाही. वेखंड, दालचिनी, लवंग, कापूर यांची पुरचुंडी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. ती कपाटात टांगायला हरकत नाही, पानांत ठेवू नका. ती कीड दूर ठेवायला थोडी मदत करते, मारत नाही, आणि तीन-चार महिन्यांनी वास उडाला की निव्वळ धूळ उरते.

बुरशीबाबत एकच गोष्ट आधी ठरवा: ओली की सुकी? ओली बुरशी ब्रश लावताच फासली जाते आणि डाग कागदात मुरतो. आधी आर्द्रता 50 च्या आसपास आणून ती सुकू द्या, दोन-चार दिवस लागतील. सुकून पिठासारखी झाली की मास्क घालून, वेगळ्या खोलीत, दुसऱ्या ब्रशने. स्पिरिट किंवा सॅनिटायझर फवारू नका, काही रंग आणि शाया त्यात सुटतात.

आणि ऊन? पोथ्यांना ऊन दाखवण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यामागचा हेतू ओल घालवण्याचा होता. तो सावलीतल्या कोरड्या हवेने साधतो. उन्हाने रंग फिके पडतात आणि पान पापडासारखे वळते.

## पायरी 3: उघडणे, मोजणे, क्रम नोंदणे

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको. एका दिवशी दोन-तीन पोथ्या पुरेत.

गाठोडे जसे आहे तसे आधी मोबाइलवर चारही बाजूंनी टिपा. गाठ कापू नका, सोडा. बासन उघडल्यावर गठ्ठ्याचा वरून आणि बाजूने फोटो. पाने उलटसुलट लागलेली दिसली तरी अजून हात लावू नका. त्या चुकीच्या क्रमालाही अर्थ असू शकतो: दोन पोथ्या कधीतरी एकत्र पडल्या आणि मिसळल्या, हे त्यावरूनच कळते.

आता पान क्रमांक. देवनागरी पोथीत क्रमांक सहसा पानाच्या मागच्या बाजूला, समासात असतो, बऱ्याचदा डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, सोबत ग्रंथाच्या नावाची एक-दोन अक्षरे. छापील पुस्तकाची सवय असलेला माणूस आकडा दिसला की ती पानाची पुढची बाजू समजतो. परिणामी सगळी पोथी एका बाजूने सरकते आणि पुढे यादीत, फोटोंत, संशोधकाच्या टिपणांत ती चूक तशीच राहते.

हे टाळायला पहिले पान हातात घ्या. त्याची एक बाजू कोरी असेल किंवा तिच्यावर फक्त नाव असेल. ती 1अ. मागे ‘श्रीगणेशाय नमः’ने मजकूर सुरू होतो आणि समासात 1 हा आकडा आहे. ती 1ब. पुढे 2अ वर आकडा नाही, 2ब वर आहे. एकदा हे बसले की सबंध पोथी बसते.

पान उलटताना लांब कडेवरून उलटा, म्हणजे खालची कड वर उचलून पलीकडे. पुस्तकासारखे उजवीकडून डावीकडे उलटले तर मागची बाजू बहुतेक पोथ्यांत डोक्यावर उभी येते. दोन्ही हातांनी, दोन कोपरे धरून, शक्य तर पानाखाली जाड कागदाची पट्टी सरकवून.

मोजताना तीन गोष्टी लिहा: हाती असलेली पाने, शेवटच्या पानावरचा आकडा, आणि या दोहोंतला फरक कुठून आला ते. ‘17 नाही’, ‘23 दोनदा’, ‘31 वर 32 असे दुरुस्त केलेले’. लिपिकार, म्हणजे पोथी हाताने उतरवणारे, हेही चुकतात आणि मजकूर सलग असूनही एखादा आकडा सुटलेला असतो. म्हणून आकडा गाळलेला दिसला की लगेच ‘पान हरवले’ असे लिहू नका. आधीच्या पानाचा शेवट आणि पुढच्या पानाची सुरुवात जुळते का ते वाचून बघा.

मध्ये सापडणाऱ्या वस्तू हा वेगळाच विषय. बेलाचे पान, तुळस, पाकळ्या, पंचांगाचा तुकडा, दक्षिणेचा हिशेब लिहिलेली चिठ्ठी. वनस्पतीचे अवशेष काढून टाकावेत, ते ओल धरतात आणि कीड बोलावतात, पण ‘44ब आणि 45अ मध्ये तुळशीची पाने’ एवढी नोंद राहू द्या. चिठ्ठी कधीच फेकू नका. लिफाफ्यात घाला, बाहेर पेन्सिलीने जागा लिहा. ज्या हिशेबावर गावाचे नाव आणि शक असतो, त्यावरून पोथी कुठे होती हे कळते आणि पोथीत ते कुठेच लिहिलेले नसते.

शिवलेली बाडे असतील तर दोरा कापून पाने सुटी करू नका. फोटो थोडे वाकडे आले तरी चालतील.

सावधान: एकमेकांना चिकटलेली पाने सुरीने, पट्टीने किंवा वाफेने सोडवू नका. दमट हवेत शाईतला डिंक आणि कागदाची खळ दोन्ही चिकटतात, ओढले की एका पानाची अक्षरे दुसऱ्यावर उलटी जातात. ‘12 ते 15 चिकटलेली’ असे लिहून पुढे जा.

## पायरी 4: कोरडी सफाई

पान सपाट, एका हाताचा तळवा कोपऱ्यावर हलका, ब्रश मधून कडेकडे. कडेवरून आत ब्रश फिरवला तर फाटलेली जागा आणखी फाटते. एका पानाला अर्धा-एक मिनिट पुरते. पान पूर्वीपेक्षा पांढरे दिसायलाच हवे, असा आग्रह सोडा. खोडरबर अक्षरांच्या जवळपास नको.

कुंकू, हळद, अष्टगंध आणि तेलाचे डाग तसेच राहू द्या. ते निघत नाहीत. ओल्या फडक्याने पुसले तर कुंकू पसरते आणि अक्षरे जातात. शिवाय कुठल्या अध्यायावर कुंकू जास्त पडले आहे, यावरून कुठला भाग नित्य पाठात होता हे संशोधकाला दिसते.

पिवळ्या रंगाचे गुळगुळीत ठिपके किंवा पट्टे दिसले तर थांबा. तो हरताळ. चुकलेले अक्षर झाकायला तो लावत, ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. तो आर्सेनिकचा सल्फाइड आहे, म्हणजे विष. अशी पोथी हाताळताना नायट्राइलचे मोजे घाला, बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय इथे सक्तीने बंद, आणि ठिपक्यावर ब्रश मारू नका. झाकलेले चुकीचे अक्षर तिरप्या उजेडात अनेकदा वाचता येते, पाठभेद शोधणाऱ्याला त्याचा उपयोग असतो. पानांत अनोळखी पांढरी भुकटी आढळली तर तीही विषारीच समजा. पूर्वी पोथ्यांवर डीडीटी आणि गॅमेक्झिन ही कीटकनाशके सर्रास मारत.

लाल अक्षरे हिंगुळाची किंवा गेरूची असतात, ती बरी टिकतात. चित्रांच्या चौकटीतला हिरवा रंग जंगालाचा, म्हणजे तांब्याचा असेल तर तो कागद खातो. आधी मागच्या बाजूला तपकिरी सावली येते, मग कागद रेषेवर तुटतो. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून केलेली शाईही अशीच अक्षरांच्या आकारात कागद पोखरते. दोन्ही ठिकाणी ब्रश नको, फक्त नोंद.

## पायरी 5: फोटो

स्कॅनरची काच पोथीवर दाबू नका. कॅमेरा खाली तोंड करून स्टँडवर, दोन्ही बाजूंना 45 अंशांत दोन एलईडी दिवे. घोटलेल्या कागदावर फ्लॅश चकाकतो, तो बंद.

24 मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो का? हिशेब असा: पोथी 30 सेंटीमीटर लांब, चौकट 33 सेंटीमीटरची, म्हणजे 13 इंच. फोटोच्या लांबीत 6000 पिक्सेल. इंचाला साधारण 460 येतात. संशोधनाच्या प्रतीला 400 पुरेसे असतात, तेव्हा कॅमेऱ्यावर जास्त पैसे घालवण्यापेक्षा स्टँड आणि दिवे चांगले घ्या. अॅपर्चर 8, आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर.

कॅमेरा टेबलाला समांतर आहे का, हे बघायला टेबलावर छोटा आरसा ठेवा. पडद्यावर लेन्सचे प्रतिबिंब नेमके मधोमध दिसले की समांतर.

किडीने खाल्लेल्या पोथीत एक फसवणूक होते. भोकातून खालच्या पानावरचे अक्षर दिसते आणि फोटोत ते याच पानाचे वाटते. ‘व’च्या जागी भोक आणि खालून आलेली एक रेघ, की झाला ‘ब’. उपाय सोपा आहे: प्रत्येक पानाखाली एकाच राखाडी रंगाचा कोरा कागद सरकवा.

चारही समास पूर्ण यायला हवेत. समासात गाळलेली अक्षरे, दुरुस्त्या, टीपा असतात आणि ओळीत हंसपदाची (इथे काही राहिले असे सांगणारी) खूण करून तिकडे बोट दाखवलेले असते. ‘नीटनेटके’ दिसावे म्हणून कडा कापलेले फोटो अभ्यासाला निरुपयोगी ठरतात. पहिल्या फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. कोऱ्या बाजूचाही फोटो घ्या, नाही तर ‘1अ’ कोरा म्हणून गाळला की चुकून राहिला हे कोणालाच कळणार नाही.

फाइलची नावे फक्त आकड्यांत ठेवा: 0012-003-1 म्हणजे बारावी पोथी, तिसरे पान, पुढची बाजू, 0012-003-2 मागची. कोऱ्या जागा आणि देवनागरी अक्षरे काही संगणकांवर क्रम बिघडवतात. आकडे सलग दिसावेत म्हणून सुरुवातीची शून्ये विसरू नका.

मूळ टिफ फाइल सुमारे 72 एमबीची होते. 100 पानांच्या पोथीचे 200 फोटो, म्हणजे साडेचौदा जीबी. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेले फोटो ही प्रत नव्हे, तिथे अर्धे तपशील गळून पडतात.

तपासणी: पोथी बांधण्याआधी पानांची संख्या × 2 = फोटोंची संख्या. जुळत नसेल तर तेव्हाच शोधा. नंतर बासन पुन्हा सोडावे लागते.

## पायरी 6: यादी

किमान रकाने असे: क्रमांक, ग्रंथनाम, कर्ता, लिपिकार, भाषा, लिपी, पाने, लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये, दर बाजूला ओळी, दर ओळीत अक्षरे, पूर्ण की अपूर्ण, लेखनकाल, आरंभ, अंत, पुष्पिका (लिपिकाराने शेवटी लिहिलेली समाप्तीची नोंद), अवस्था. लिपी आणि भाषा हे वेगळे रकाने आहेत. ‘देवनागरी’ ही भाषा लिहिलेल्या याद्या अजूनही दिसतात.

नाव पहिल्या पानावरून ठरवू नका. तिथे मंगलाचरण असते. ‘इति श्री…’ने सुरू होणारी अध्यायसमाप्ती आणि शेवटची पुष्पिका वाचा. पुष्पिका जशी आहे तशी उतरवा, अशुद्धलेखनासकट. ‘शुद्ध’ करून लिहिलेली पुष्पिका वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावते.

शक आणि संवत्सर दोन्ही दिले असतील तर पडताळा घेता येतो. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. शके 1700: 1712 ला 60 ने भागून बाकी 32, प्रभवापासून बत्तिसावा विलंबी. पोथीत ‘शके 1700 विलंबी’ असेल तर जुळले. नाही जुळले तर आकडा पुन्हा वाचा, 1 आणि 9 किंवा 5 आणि 4 यांत गल्लत झालेली असते. हे गणित दक्षिणेतल्या गणनेचे, उत्तरेकडच्या विक्रम संवताच्या पोथीला लावू नका. इसवी सन काढायला शकात 78 मिळवा, पण पौषाच्या आसपासपासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला 79 लागू शकतात. आणि एक लक्षात असू द्या: लिपिकार कधी कधी समोरच्या जुन्या प्रतीतली तारीखही जशीच्या तशी उतरवतो. कागद आणि अक्षर नवे वाटत असेल तर ‘तारीख मूळ प्रतीची असावी’ अशी शंका नोंदवा.

काही पोथ्यांच्या शेवटी ‘ग्रंथसंख्या’ असते. 32 अक्षरांचा एक ग्रंथ. 42 पाने, दर बाजूला 9 ओळी, दर ओळीत 32 अक्षरे असतील तर 42 × 2 × 9 × 32 ÷ 32 = 756, त्यातून कोऱ्या 1अ चे 9 वजा, 747. पोथी 750 च्या आसपास सांगत असेल तर मजकूर पुरा. 1100 सांगत असेल तर बरीच पाने गेली आहेत.

‘हीच पोथी आपल्याकडे आणखी एक आहे’ म्हणून दुसरी काढून टाकू नका. अनेक प्रती ताडून चिकित्सक आवृत्ती करणाऱ्याला दुसरी, तिसरी, दहावी प्रतही लागते.

## पायरी 7: बांधणी

मांजरपाट गरम पाण्यातून दोनदा काढा, साबण-नीळ न लावता, म्हणजे खळ जाते. जुन्या लाल बासनाची आठवण म्हणून नवे लाल कापड घेणार असाल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग उतरला तर पहिल्याच गळतीत पोथी लाल होईल. जुने बासन स्वतंत्र ठेवा, फेकू नका.

30 × 12 सेंटीमीटरच्या पोथीला 75 सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा पुरतो. वर-खाली फळ्या: जुन्या सागवानी असतील आणि कीड नसेल तर त्याच, नाही तर दोन-तीन मिलिमीटरचा आम्लमुक्त पुठ्ठा, पोथीपेक्षा चारही बाजूंनी पाच मिलिमीटर मोठा. प्लायवूड नको, त्यातून आम्ल सुटते. पोथी फळ्यांमध्ये, कापड पत्त्यांतल्या चौकटसारखे कर्णावर ठेवून चारही टोके आत, मग सुती नाडीचे दोन वेढे. गाठ कडेला, वर आली तर वरच्या पोथीचा दाब तिच्यावर पडून खड्डा पडतो.

किती घट्ट? लिपिकार शेवटी लिहितात त्या श्लोकात पोथीच ‘शिथिलबंधनापासून राख’ म्हणते, आणि त्यामागचे कारण पक्के आहे. घट्ट गठ्ठ्यात हवा कमी खेळते, त्यामुळे आर्द्रतेचे चढउतार आतल्या पानांपर्यंत उशिरा पोचतात, शिवाय पाने वाकायला जागा राहत नाही. बासन उचलल्यावर पाने आत सरकू नयेत, पण नाडीची खूण फळीवर उमटू नये.

क्रमांक पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने, नाडीला अडकवून. पानांवर शिक्का मारू नका.

## पायरी 8: कपाट आणि पुढचा पावसाळा

लोखंडी कपाट चालते, पण भिंतीपासून दहा सेंटीमीटर पुढे, आणि पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला तर मुळीच नको. खालचा कप्पा रिकामा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावर संग्रह ठेवणाऱ्याने हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. माळा नको, तो सर्वांत तापतो आणि गळतो. पोथ्या आडव्या, एकावर एक चार-पाचच. कप्प्यात वर्तमानपत्र पसरू नका.

डीह्युमिडिफायर घेतला तर त्याची टाकी भरली की तो बंद पडतो, आणि जुलैत ती दिवसातून दोनदा भरू शकते. शनिवार-रविवार बंद राहणाऱ्या ग्रंथालयात पाइप थेट न्हाणीत सोडा. छोट्या संग्रहाला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरते. 20 लिटरच्या डब्यात 100 ग्रॅमपासून सुरू करा, आत मापक ठेवा. 45 च्या खाली गेले तर जेल कमी करा, फार सुकलेला कागद दुमडताच तुटतो. ओले झालेले जेल 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्यापेक्षा नारिंगी खुणेचे घ्या, निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी आकडा वहीत लिहा. 65 च्या वर सलग तीन दिवस राहिले किंवा कुबट वास आला तर पोथी उघडू नका, आधी खोली कोरडी करा.

भिजलीच तर पाने सुटी करायला जाऊ नका. बासन काढा, फळ्या काढा, गठ्ठा शोषकागदावर ठेवा, वरखाली शोषकागद दर तासाला बदला, पंखा दूरवर, हेअर ड्रायर नाही. 48 तासांत सुकणार नाही असे दिसले तर पिशवीत घालून गोठवा. चित्रे नसतील तर हा नियम भिजलेल्या पोथीलाही लागू आहे, कारण गोठलेल्या पोथीत बुरशी वाढत नाही आणि तज्ज्ञ सापडेपर्यंत वेळ मिळतो.

## दुरुस्ती आणि दाखवणे

घरी दुरुस्ती करू नका. फाटलेल्या पानाखाली आम्लमुक्त कागद आधाराला ठेवणे एवढीच घरची दुरुस्ती. चिकटपट्टीचा गोंद दहा-पंधरा वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, लॅमिनेशन परत निघत नाही. तज्ज्ञ पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाण्याने सोडवता येते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल. कोणत्याही संवर्धकाला पहिला प्रश्न विचारा: ‘हे परत काढता येईल का?’ ‘नाही’ म्हटले तर पोथी परत आणा.

संशोधक आला की आधी फोटोंची प्रत द्या. मूळ पोथी फक्त फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींसाठी काढायची: कागद बनवताना त्यात उमटलेली जाळी उजेडात बघणे, हरताळाखालचे अक्षर, शाईचा फरक. एका वेळी एक पोथी, पेन्सिलच, पान तुम्ही उलटायचे. परत बांधताना पाने पुन्हा मोजा आणि आकड्याखाली दोघांची सही घ्या.

परदेशातून मागणी आली तर डिजिटल प्रत पाठवा. 75 वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते कोणाही व्यक्तीला परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, मग नातू अमेरिकेत असला आणि पोथी खापरपणजोबांची असली तरीही.